डावीकडचं मागचं दार

वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे टाकेताई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि महिन्यातून एकदा सही करतानाच त्यांना ते आठवत असे. चौदा वर्षांपूर्वी त्या तिथं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला आल्या. पत्र्याच्या भिंतीला लागून त्यांचं जाड सुईचं मशीन, शेजारी रेक्झिनचे गुंडाळे, वर एक पंखा. बाकी गाडीशी त्यांचं नातं बसायच्या जागेपुरतं.

पण पावसाळ्यात त्यांनी शिवलेली कव्हरं बुरशी लागून परत यायला लागली. गिऱ्हाईक त्यांच्यावरच उखडायचं, जसं काही त्यांनीच सुईनं भोकं पाडून पाणी आत घेतलंय. मेकॅनिक काचेभोवतीचं रबर बदलायचे, वरून सिलिकॉन फासायचे, गाडी जायची आणि पुढच्या पावसात पुन्हा टपकत यायची. एकदा वैतागून ताई स्वतःच एका दारासमोर स्टूल टाकून बसल्या. दाराचं आतलं पॅनल काढलेलं होतं. त्यांनी बाहेरून काचेवर तांब्याभर पाणी ओतलं आणि आत डोकावून पाहत राहिल्या.

पाणी काचेवरून ओघळलं, काच जिथं दारात उतरते त्या फटीतून सरळ दाराच्या पोटात गेलं. नवं रबर असूनही गेलं. पोटातून खाली उतरलं आणि तळाशी असलेल्या बारीक भोकांतून जमिनीवर पडायला बघू लागलं. पण भोकं चिखलानं बुजलेली. मग ते साचलं, चढलं, आणि पत्र्यावर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या कागदाला जिथं चीर गेली होती तिथून पायाशी आलं.

"पाणी दारात जाणारच आहे," त्यांनी मालकांना जाऊन सांगितलं. "ते माणसाकडे येऊ नये म्हणून आत तो कागद आहे. रेनकोटच म्हणा ना. रेनकोट फाटलाय आणि तुम्ही टोप्या बदलत बसलाय."

मालक आधी हसले. मग दोन गाड्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे केल्या, त्या पुन्हा गळत आल्या नाहीत, तेव्हा हसायचे थांबले. तेव्हापासून गळकं दार आलं की हाक पडायची, "टाकेताई, तुमचं माहेर आलंय!" पॅनल कसं उचकायचं, काचेच्या दोन्ही बाजूंच्या खाचांमधलं रबर कसं काढायचं, काळी चिकट पट्टी लावून कागद कसा बसवायचा, हे त्या शिकल्या. चुकत शिकल्या, पण ज्या चुका केल्या त्या घरच्या घरात राहिल्या. ही सांगायची गोष्ट आहे ती बाहेर पडलेल्या चुकीची.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. नऊच्या सुमाराला एक जुनी राखाडी गाडी आत आली. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, जाड चष्मा, शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं. मागच्या डाव्या सीटवर त्यांची आई. सात महिन्यांपूर्वी आजींच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात, डावा पाय निकामी, आणि बोलणं जवळजवळ गेलेलं.

"दर आठवड्याला नदीपलीकडच्या केंद्रात व्यायामाला न्यावं लागतं," गृहस्थ म्हणाले. "आणि दर आठवड्याला आईचे पाय ओले. दोन ठिकाणी दाखवलं. दोघांनी रबर बदललं."

ताईंनी आजींच्या पायाखालचं पायपुसणं उचललं. पिळलं असतं तर कपभर पाणी निघालं असतं.

"उजवीकडे बसवून पाहिलं का?"

"तिकडे बसवलं की तोल डावीकडे जातो आणि आडवी होते. इथं दाराला टेकून नीट बसते. खांदा दुखतो म्हणून पट्टा लावू देत नाही." मग थोडं अभिमानानं म्हणाले, "मी चाळिसाच्या वर गाडी नेत नाही. फोनसुद्धा डिकीत टाकून देतो, वाजलाच तर लक्ष जायला नको."

आजींना ताईंच्या मशीनजवळच्या खुर्चीत बसवलं, डावीकडून उशा लावल्या. बारा वाजता केंद्रात पोचायचं होतं. म्हणजे साडेअकरापर्यंत दार तयार हवं.

ताईंनी पॅनल उघडलं आणि कपाळाला हात लावला. आत महिनोन्‌महिने पाणी साचून दाराचं लॉक गंजून बसलं होतं. दार लागायचं, पण बटण दाबलं तरी लॉक होत नव्हतं, मुलांसाठी असतं ते वेगळं लॉकही सुटं असतानाच अडकलेलं. कागद तर चिंध्या झालेला. "लॉक नवीन घालावं लागेल, ते आज नाही मिळायचं," त्या म्हणाल्या. "आज पाणी थांबवते." गृहस्थांनी मान डोलावली आणि घड्याळ पाहिलं.

दार आतून उघडायचा जो खटका असतो, त्याच्यापासून विणायच्या सुईएवढी बारीक सळई आत कुलपापर्यंत जाते. खटका ओढला की सळई ओढली जाते, कुलूप सुटतं. पॅनल काढायचं तर सळई खटक्यापासून सोडवावी लागते, आणि ती ज्या प्लास्टिकच्या चापानं अडकवलेली असते तो चाप जपून ठेवावा लागतो. ताईंनी पिवळा चाप काढून वाटीत टाकला. जुना कागद खरवडला. तळाची भोकं तारेनं मोकळी केली, तेव्हा आतून काळं पाणी भळाभळा वाहिलं. खाचेतलं रबर सरळ केलं. नवा कागद कापला, चिकट पट्टी दाबत दाबत चारही कडांनी बसवला.

या सगळ्यात आजी एकच शब्द बोलत होत्या. आजारात बाकी सगळे शब्द गेले आणि एवढा एकच उरला होता: "हवा." पाणी पाहिजे असलं तरी हवा, उशी सरकवून पाहिजे असली तरी हवा, आणि हवा पाहिजे असली तरी हवाच. मुलाला सूर ओळखून अर्थ लावायची सवय झाली होती. ताई दोन तासांत थोडं शिकल्या. लांबवलेला "हवाऽ" म्हणजे तहान. तुटका "हवा!" म्हणजे पंखा नाहीतर खिडकी.

"बंद काच तिला सहन होत नाही," गृहस्थ म्हणाले. "पाऊस थांबला रे थांबला की पहिली काच खाली."

ताईंनी सळई खटक्याच्या भोकात सरकवली, चाप घ्यायला वाटीकडे हात नेला, आणि तेवढ्यात मागून आला लांबलचक "हवाऽ". गृहस्थ फोनवर केंद्राशी बोलत होते. ताई उठल्या, पेला भरला, आजींच्या ओठांना लावला, हनुवटी पुसली. आजींनी उजव्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. परत आल्या तेव्हा सळई भोकात बसलेली दिसली. झालेलं काम दिसलं. त्यांनी पॅनल ठोकून बसवलं, स्क्रू आवळले, आणि स्वतः आत बसून वर्कशॉपच्या रंगाऱ्याला बाहेरून पाइपनं पाणी मारायला लावलं. दहा मिनिटं. पायाशी एक थेंब नाही. खटका ओढला, दार उघडलं. काच मात्र पाणी चालू असल्यानं खाली केली नाही.

गाडी साडेअकराला गेली. जाताना आजींनी उजवा हात हलवला.

दहा मिनिटांनी ताईंनी हत्यारं पुसून ठेवायला घेतली आणि वाटी उचलली. आत सहा जादा स्क्रू, एक तुटकं बटण, आणि पिवळा चाप.

आज दुसरं दार उघडलंच नव्हतं. चाप त्याच दाराचा. म्हणजे सळई नुसती भोकात टेकली आहे. चार खड्डे लागले की निसटेल. निसटली की दुसरं टोक कुलपातच अडकलेलं असल्यानं दाराच्या पोटात तिरकी पडेल, काच जिथं खाली उतरते नेमकी तिथं. आणि मग काच खाली केली तर काच सळईला दाबणार, सळई कुलूप ओढणार, आणि चालत्या गाडीचं दार उघडणार. लॉक निकामी. पट्टा नाही. आणि म्हातारीचं सगळं अंग त्या दारावर रेललेलं.

त्यांनी वर पत्र्याकडे कान लावला. पाऊस अजून होता. म्हणजे काच अजून वर असेल.

बिलावरच्या नंबरवर गृहस्थांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तो डिकीत वाजत असणार.

मालक ऑफिसमधून बाहेर आले. "काय झालं? तोंड का उतरलं?"

ताईंनी हात पुढे करून चाप दाखवला. मालकांना सांगायला फार लागलं नाही. त्यांनी आधी आजूबाजूला कोण ऐकतंय ते पाहिलं.

"हळू बोला. सळई बसलीय ना भोकात?"

"बसलीय. पण धरून ठेवायला काही नाही."

"मग नाही पडायची लगेच. लॉक आलं की बोलावणारच आहोत त्यांना, तेव्हा हळूच लावून टाकू. कुणाला कळणार पण नाही."

"आजींना कळेल," ताई म्हणाल्या.

"हे बघा, मागे धावत जाऊन आमची चूक झाली म्हणून सांगायचं, म्हणजे उद्या गावभर होईल. काही होणार नाही. तुम्ही उगाच जीव काढताय."

ताई हत्यारांकडे वळल्या. स्क्रूड्रायव्हर, पॅनल उचकायची पट्टी आणि चाप पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला अडकवली आणि रंगाऱ्याला म्हणाल्या, "तुझी मोटरसायकल काढ."

आता हा रंगारी म्हणजे वर्कशॉपचा चेष्टेचा विषय. गाडीवर रंगाचा हात मारायला त्याच्यासारखा कुणी नाही, पण मोटरसायकल इतकी सावकाश चालवायचा की सायकलवाले घंटा वाजवून पुढे जायचे. त्यानं मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "जायचं तर तुमच्या जबाबदारीवर जा."

"हो," ताई म्हणाल्या आणि मागे बसल्या.

पाऊस तोंडावर सुयांसारखा टोचत होता. रंगारी नेहमीप्रमाणे निघाला. पहिल्या वळणापर्यंत ताईंनी सहन केलं.

"अरे, जोरात घे."

"रस्ता निसरडा आहे ताई."

"माहीत आहे. घे."

त्यानं घेतली. बाजाराच्या रस्त्यावर डबक्यांतून पाणी उडवत, एका हातगाडीला वळसा घालून, दोन शिव्या खाऊन ते बाहेर पडले. प्रत्येक खड्डा ताई मोजत होत्या. हा त्यांच्या गाडीला लागला असेल. हाही लागला असेल. आयुष्यभर ज्या पाण्याशी भांडण, तेच पाणी आज पडत राहावं म्हणून त्या डोळे मिटून विनवण्या करत होत्या. पड बाबा. आणखी थोडा वेळ पड.

रेल्वेच्या फाटकाशी आले तर फाटक बंद. समोर गाड्यांची लांब रांग. रंगाऱ्यानं पाय टेकवले आणि ताई मान उंचावून पाहू लागल्या. राखाडी गाड्या तीन दिसल्या. पहिली मोठी होती. दुसऱ्या गाडीत मागे मुलं. तिसरी अगदी फाटकाजवळ, रांगेच्या तोंडाशी, आणि तिच्या मागच्या काचेतून डावीकडे झुकलेलं पांढरं डोकं दिसत होतं.

"तीच!" ताई उतरल्या आणि गाड्यांच्या मधून पळत सुटल्या. चपला चिखलात रुतत होत्या. मालगाडी डबा डबा मोजून दाखवत असल्यासारखी चालली होती. निम्मी रांग मागे टाकली तेव्हा शेवटचा डबा गेला. फाटक वर जायला लागलं. ताईंनी हाका मारल्या, पण मागच्या सगळ्या गाड्यांनी एकदमच हॉर्न वाजवले. राखाडी गाडी रूळ ओलांडून पुढे गेली.

रंगारी मागून आला, त्या चढल्या. आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की तोंडावर टोचत नाहीये. पाऊस पातळ झाला होता. समोरच्या गाडीनं वायपर बंद केले.

"रंगाऱ्या."

"दिसतंय ताई," तो म्हणाला, आणि त्यानं मोटरसायकल अशी पळवली की ताईंना त्याच्या शर्टाला धरावं लागलं.

नदीवरचा पूल सुरू झाला. दोन्ही बाजूंना कमरेएवढा कठडा, खाली गढूळ फुगलेलं पाणी. पुलावरचा डांबराचा थर जागोजाग उखडलेला, त्यामुळे गाड्या हळूहळू चालल्या होत्या. राखाडी गाडी पाच गाड्या पुढे. मग तीन. मग एक. रंगारी डावीकडून, कठडा आणि गाड्या यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतून पुढे घुसला. ताईंचा गुडघा दोनदा कठड्याला घासला.

ते मागच्या चाकापाशी पोचले तेव्हा पाऊस पूर्ण थांबला होता.

"काच खाली करू नका!" ताई ओरडल्या. "काच नको!"

आतल्या माणसाला ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. डावीकडची मागची काच चार बोटं खाली आली. मग वीतभर. फटीतून वारा आत गेला आणि आजींचे पांढरे केस उडाले. त्यांनी सुखानं डोळे मिटलेले ताईंना दिसले. काच आणखी खाली उतरली, आणि दाराच्या आत काहीतरी खट्‌कन वाजलं.

दार सुटलं.

आधी बोटभर फट पडली. मग आजींच्या वजनानं ती रुंद होऊ लागली. ताईंनी काही ठरवलं नाही. मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून त्या उजवीकडे झुकल्या आणि दोन्ही तळहात दारावर दाबले. डावं मनगट उलटं वळलं आणि कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

"सोडू नको, बरोबरीनं चालव!" त्या म्हणाल्या.

"सोडत नाही," रंगारी म्हणाला. कठडा त्याच्या डाव्या पायापासून हातभर लांब होता. त्यानं एकदाही तिकडे पाहिलं नाही.

चष्मेवाल्या गृहस्थांना आरशात दिसलं ते एवढंच, की दोन चिखलानं माखलेली माणसं गाडीला लटकली आहेत आणि मागचं दार ओढत आहेत. त्यांना वाटलं चोर. त्यांनी वेग वाढवला.

आता मोटरसायकल आणि गाडी यांच्यात अंतर पडू लागलं. ताईंचा एक हात सुटला. दुसरा ओल्या पत्र्यावरून सरकत होता. आजींनी डोळे उघडले. उघड्या काचेतून त्यांनी ताईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराच्या फटीकडे, मग फटीतून पळत्या रस्त्याकडे. आणि सात महिन्यांत जो आवाज निघाला नव्हता तो त्यांच्या गळ्यातून निघाला. शब्द नव्हता तो. नुसती किंकाळी.

गृहस्थांनी ब्रेक दाबला.

गाडी थांबताना दाराला आतून धक्का बसला, पण ताई तोवर उतरून, किंवा पडून म्हणा, पाठीनं दाराला टेकल्या होत्या. मागून हॉर्नचा गोंगाट. गृहस्थ दार आपटून बाहेर आले, हातात छत्री उगारलेली. मग त्यांनी ताईंना ओळखलं.

"तुम्ही? हा काय प्रकार आहे?"

"आधी दुसऱ्या बाजूनं आत जा आणि आजींना धरा," ताई धापा टाकत म्हणाल्या. "दार सुटलंय. मी पाठ काढली तर त्या खाली येतील."

त्यांनी छत्री तिथंच टाकली. उजवीकडून आत शिरले, आईला कवेत घेऊन मधोमध ओढलं. "धरलं," आतून आवाज आला. ताईंनी पाठ काढली. दार आपोआप हातभर उघडलं आणि तिथंच हलत राहिलं.

पूल संपताच एक पेट्रोल पंप होता. दार दोरीनं बांधून गाडी तिथल्या छपराखाली नेली. ताईंनी सगळं सांगितलं. चाप कसा राहिला, सळई कशी पडली असेल, फोन कसा लागला नाही. मालक काय म्हणाले ते मात्र सांगितलं नाही.

"कोण विसरलं चाप?" गृहस्थांनी विचारलं.

"मी."

"माझी आई गेली असती."

"हो," ताई म्हणाल्या.

गृहस्थांचा चष्मा धुकटला होता. त्यांनी तो काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी चाळिसाच्या वर जात नाही," ते म्हणाले. "आणि आज मीच वेग वाढवला."

"तुम्हाला काय माहीत," ताई म्हणाल्या आणि पॅनलखाली पट्टी घातली.

डावं मनगट टम्म फुगलं होतं. स्क्रू रंगाऱ्यानं फिरवले. आत सळई अगदी त्यांना वाटलं होतं तशीच तिरकी पडलेली, काचेच्या खालच्या पट्टीनं दाबून वाकलेली. ताईंनी ती सरळ केली, भोकात घातली, पिवळा चाप बसवला आणि अंगठ्यानं दाबला. टक् असा आवाज आला. तरी नखानं ओढून पाहिलं. पॅनल बसवायच्या आधी त्यांनी गृहस्थांना जवळ बोलावलं.

"बघा. हा चाप, ही सळई. ओढा तुम्ही स्वतः."

त्यांनी ओढलं. मग काच खाली-वर करायला लावली. एकदा, दोनदा, पाच वेळा. "पुन्हा," ते म्हणत राहिले. आठव्या वेळी रंगारी म्हणाला, "साहेब, बॅटरी उतरेल." तेव्हा थांबले.

दार नीट लागत होतं. तरी गृहस्थ गाडीत बसेनात. दाराकडे बघत उभे राहिले.

"माझा विश्वास नाही बसत," शेवटी ते म्हणाले. "राग मानू नका. तुम्ही बसा त्या दाराशी. केंद्रापर्यंत."

ताईंनी रंगाऱ्याला परत जायला सांगितलं आणि चिखलाच्या कपड्यांनिशी आत बसल्या. आजींना मधे घेतलं. उरलेला सगळा रस्ता त्यांचं अंग ताईंच्या उजव्या खांद्यावर रेललेलं होतं. त्या थरथरत होत्या. ताईंच्या लक्षात आलं की आपणही थरथरतोय, आणि कोणाची थरथर कोणाला लागतेय ते कळत नव्हतं. गृहस्थ प्रत्येक सिग्नलला मागे वळून पाहत होते.

केंद्राच्या दारात चाकांची खुर्ची आली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उशिराबद्दल कुरकुर सुरू केली आणि तिघांचे चेहरे बघून थांबवली. आजींना खुर्चीत बसवलं. गृहस्थ ताईंना म्हणाले, "मनगट दाखवून घ्या इथं कुणाला तरी." मग थोडं थांबून, "गाडी मी आता तुमच्याकडे आणणार नाही. लॉक दुसरीकडे घालीन. खरं ते सांगतो."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या आणि बस स्टॉपकडे चालत निघाल्या.

संध्याकाळी घरी नवऱ्यानं मनगटाला पट्टी बांधली. त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. गोष्ट ऐकताना पट्टीचा वेढा घालायचा ते विसरले आणि दोनदा पुन्हा सोडून बांधली.

"मी असतो तर गेलो असतो का, सांगता येत नाही," ते म्हणाले.

"तुम्ही गेला असता."

"तुला काय माहीत? माझ्या हातून अशी गोष्ट झालेली मी तुला कधी सांगितली का?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पट्टीची गाठ मारत होते, मान खाली. काय झालं होतं ते ताईंनी विचारलं नाही. जेवायला वाढायचं नवऱ्यानंच केलं, आणि वाढताना आमटी सांडली.

मालकांना ती गोष्ट गृहस्थांच्या फोनवरून कळली होतीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना सगळ्यांसमोर काही म्हटलं नाही, ऑफिसमध्ये बोलावलं.

"तुम्ही 'मी विसरले' असं सांगितलंत."

"हो."

"लॉक गंजलं होतं, त्यामुळे झालं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं."

"निम्मं खरं होतं," ताई म्हणाल्या.

मालकांनी पेन उघडलं, बंद केलं. आदल्या दिवशी त्यांनी ताईंना थांबवायला पाहिलं होतं ही गोष्ट दोघांच्या मधे टेबलावर पडलेली होती आणि दोघंही तिच्याकडे बघत नव्हते. "आजपासून दारांना हात लावू नका," ते म्हणाले. "फक्त सीट."

ताई मशीनवर जाऊन बसल्या. राग आला का? आला. पण त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. कित्येक दिवस त्यांना झोपेत ते दार उघडताना दिसायचं, आणि दचकून उठल्यावर हात पुढे केलेला असायचा. आजींची खबर त्यांना पुन्हा मिळाली नाही. एकदोनदा केंद्रावर फोन करावासा वाटला, नंबरही काढला, पण विचारणार काय आणि कोण म्हणून?

पाऊस आणखी दोन महिने चालला. दारं येत राहिली. मेकॅनिक कागद लावायचे, पण कडा घाईघाईनं दाबायचे. त्यातली निम्मी परत आली. एक पांढरी गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा मालकांनी स्वतः ती ताईंच्या मशीनसमोर उभी केली. पॅनल उचकायची पट्टी रेक्झिनच्या गुंडाळ्यावर ठेवली आणि उभे राहिले.

ताईंनी धागा तोडला. "दार उघडं असताना मला कुणी हाक मारायची नाही," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकानं नाही, तुम्हीसुद्धा नाही. पाणी पाहिजे असेल, फोन आला असेल, आग लागली असेल, दुसऱ्याला सांगायचं."

"ठीक आहे."

"आणि मी चुकले असं म्हटलं, की गाडी थांबवायची. हळू बोला म्हणायचं नाही."

मालकांनी पांढऱ्या गाडीच्या ओल्या दाराकडे पाहिलं. मग मान डोलावली आणि ऑफिसकडे वळले.

"आणि तो रेडिओ बंद करा," ताई मागून म्हणाल्या, आणि स्टूल पुढे ओढलं.